कुत्र्यांसाठी घरचा खाऊ : तुमच्याकडे काय करतात? अनुभव सांगा

मोत्याची आई, पुणे

आमचा मोती लॅब्रॅडॉर, वय नऊ. मार्चमध्ये दवाखान्याच्या काट्यावर उभा केला तर ४१ किलो. डॉक्टर म्हणाल्या, याचं वजन ३२च्या आसपास हवं, गुडघे आत्ताच कुरकुरायला लागलेत. घरी येऊन हिशोब मांडला. सकाळच्या चहाबरोबर सासऱ्यांची दोन ग्लुकोज बिस्किटं, कामाला येणाऱ्या मावशींची दोन, शाळेतून आल्यावर मुलाची तीन, रात्री फिरवून आणल्यावर माझी दोन. प्रत्येकाला वाटायचं, आपण दोनच तर देतो. नऊ बिस्किटं म्हणजे जवळपास २०० कॅलरी, आणि साखर वेगळी. डॉक्टरांनी दिवसाला ९०० कॅलरी बांधून दिल्या, त्यातल्या फार तर दहा टक्के वरच्या खाऊच्या. म्हणजे ९०.

मग घरी भाजायला लागले. एक वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी ओट्सची भरड, वाफवून कुस्करलेला लाल भोपळा पाऊण वाटी, एक अंडं. मीठ, साखर, गूळ, तूप काही नाही. पाणीही नाही, भोपळाच पीठ भिजवतो. भोपळा पाणचट निघाला तर पीठ थोडं जास्त लागतं, ते हाताला कळतं. घट्ट गोळा करून पोळपाटावर लाटायचा. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) १६०वर, अर्धा तास, आणि मग बंद करून आतच गार होऊ द्यायचं.

यात मी एक मोठी चूक केली, ती आधी सांगते. पहिल्या महिन्यात मारी बिस्किटाएवढे गोल कापले आणि घरचं आहे, नाचणीचं आहे म्हणून सगळ्यांनी मोकळ्या हाताने दिले. वजन अर्धा किलो वाढलं! नाचणी काय नि मैदा काय, पिठाच्या कॅलरी थोड्याफार फरकाने तेवढ्याच. आता शंकरपाळीच्या कातण्याने नखाएवढे तुकडे पाडते. मोत्याला तुकडा केवढा आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, तो मिळाला किती वेळा हे त्याला महत्त्वाचं. सकाळी एका स्टीलच्या डबीत दिवसभराचे तुकडे मोजून ठेवते. सासरे, मावशी, मुलगा, सगळ्यांनी त्यातूनच द्यायचे. डबी रिकामी की दिवस संपला. काल काट्यावर ३६.५ आलं.

तुमच्याकडे कुठलं पीठ वापरता? ओव्हन नसेल तर कसं करता? काय चुकलं, काय जमलं, सगळं लिहा. फक्त कृती नको, तुमच्या बाळाबद्दलही सांगा.

वाघ्याचा दादा, सासवड

ताई, आमच्याकडे हे नवीन नाही. जेजुरी जवळ, घरात खंडोबा. चंपाषष्ठीला देवाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा, आणि त्यातला वाटा कुत्र्याला गेल्याशिवाय घरात पान वाढत नाहीत. आजी रोडगा गोवऱ्यांच्या आरावर भाजते. बाजरीचं जाडसर पीठ, गरम पाणी, थापून सरळ निखाऱ्यात. वरून खरपूस, आत मऊ. राख झटकून, गार करून ती वाघ्याच्या आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या पुढे तुकडे ठेवते, हात जोडते आणि मगच घरात येते.

पण तीन वर्षांपूर्वीचं सांगितलंच पाहिजे. चातुर्मासात बंद असलेला कांदा त्या दिवशी सुटतो, त्यामुळे भरतात कांदापात, लसूण सढळ. उरलेलं भरीत दोन दिवस वाघ्याला घातलं गेलं. लगेच काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी तो उठेना. हिरड्या पांढुरक्या, लघवी चहासारखी. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, कांदा खाल्लाय का? कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो, मसाल्यातली पूड असो, सगळं सारखंच. परिणाम दिसायला दिवस जातात, म्हणून आपल्याला संबंध लागत नाही. वाघ्या वाचला. आजीला फार लागलं ते. आता ती नैवेद्याचा रोडगा करताना वाघ्यासाठी वांगं वेगळं भाजते, नुसतं, काही न घालता. देवाला चालतं, असं तिचं म्हणणं.

चिंगीची मावशी, रत्नागिरी

पावसाळ्याचं कोणीतरी लिहायला हवं. जुलैत बिस्किटं करून डब्यात भरली, चौथ्या दिवशी डब्याच्या तळाशी पांढरं लव आलेलं. वरची चांगली दिसत होती, तरी सगळी टाकली, तीही बाहेर नाही, कचऱ्यात पुरती बांधून. बुरशीचं विष डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा आत गेलेलं असतं.

आता दोनदा भाजते. एकदा १६०वर शिजेपर्यंत, मग १००वर तासभर वाळण्यासाठी. मोडल्यावर कट्ट असा आवाज आला पाहिजे, वाकला तर परत आत. आठवड्याची बाहेर, बाकी फ्रीजरमध्ये.

आणि आमच्याकडचा खास माल म्हणजे जवळा, वाळवलेली अगदी बारीक कोलंबी. मिठाचा असतो म्हणून तीन पाणी बदलून भिजवते, पिळून तव्यावर कोरडा भाजते, मिक्सरला पूड. दोन चमचे पूड, वाटीभर तांदळाची पिठी, एक अंडं. मिक्सर सुरू झाला की चिंगी जिथे असेल तिथून येते आणि ओट्याला हनुवटी टेकून उभी राहते, पार ओव्हन बंद होईपर्यंत.

शेरूची आई, नागपूर

पीनट बटर चालतं का हो? सगळीकडे तेच घाला म्हणतात.

मोत्याची आई

चालतं, पण बाटलीवरची बारीक अक्षरं वाचूनच. बिनसाखरेचं म्हणून विकतात त्यात काही वेळा झायलिटॉल असतं. कधी नाव लिहिलेलं असतं, कधी नुसता ९६७ हा आकडा. माणसाला त्याने असं काही होत नाही, पण कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात कोसळते, यकृतही जाऊ शकतं. त्यापेक्षा घरी करा. दाणे भाजा, सालं पाखडा, काळे, सुरकुतलेले, खवट दाणे एकेक निवडून काढा (बुरशीचा धोका तिथेच असतो), आणि तेल सुटेपर्यंत वाटा. मीठ नको. दाण्यात तेल भरपूर, म्हणून बोटाच्या पेराएवढंच.

बंड्याचे बाबा, नाशिक

आमच्याकडे बेदाणे पोत्याने असतात, भावाची बाग आहे. मागच्या हिवाळ्यात मुलीने ओट्स आणि बेदाण्याची बिस्किटं केली होती, आमच्यासाठी. जाळी ओट्यावर गार व्हायला ठेवली आणि बंड्याने त्यातली सात-आठ उचलली. मला वाटलं, काय होतंय, फळच तर आहे. मुलीने मात्र डॉक्टरांना फोन लावला आणि मी पुरतं ऐकायच्या आत गाडीची किल्ली हातात दिली. तिचे उपकार आहेत माझ्यावर. दवाखान्यात उलटी करवली, दोन दिवस सलाइन, रोज क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारी रक्ततपासणी). बंड्या बरा आहे.

द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. एखादा कुत्रा घड खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोड्याशाने जातो, म्हणून एवढं चालेल असं माप कोणी सांगू शकत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१मध्ये यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच आम्ल चिंचेत असतं. म्हणजे आमटीचं बोट चाटवणंही आमच्या घरात बंद.

साखरीची ताई, डोंबिवली

मोठं लिहितेय, पण खाज सुटलेल्या कुत्र्याचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. साखरी आमची इंडी, म्हणजे आपली देशी, पाच वर्षांची. दोन वर्षं पंजे चाटून चाटून लाल, कान सतत सुजलेले, रात्रभर खरड-खरड. औषधाने थांबायचं, औषध संपलं की परत. शेवटी डॉक्टर म्हणाले, आठ आठवडे तिला फक्त दोनच गोष्टी द्यायच्या, बांगडा आणि रताळं. दुसरं काहीही तोंडात नाही, औषधाची चवदार गोळीसुद्धा नाही.

पाचव्या आठवड्यात खाज जवळजवळ गेली होती आणि मग एका रविवारी परत सुरू. दोन दिवसांनी बाबांनी कबूल केलं की पोळीचा तुकडा द्यायचे, रोज, जेवताना. ती अशी बघते की घास उतरत नाही म्हणाले. मला त्यांच्यावर रागावताही येईना. सगळे आठवडे पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा लक्षात आलं की देण्याची सवय मोडणं बाबांना जमणार नाही, त्यांच्या हातात देण्यासारखं काहीतरी ठेवायला हवं. रताळ्याचे उभे काप, पाव इंच जाड, सालासकट, स्वच्छ धुऊन. जाळीवर एकमेकांना न चिकटवता, १००वर तीन तास, मध्ये एकदा उलटायचे. बाहेर येतात तेव्हा चामड्यासारखे चिवट आणि कडेला किंचित जळकट गोड. साखरी एक काप दोन्ही पंज्यांत उभा धरून दहा मिनिटं चघळते. बाबांच्या ताटाशेजारी एक छोटी वाटी, त्यात दोन काप. आठ आठवडे पूर्ण झाले. मग एकेक पदार्थ परत देऊन बघायचा होता. गव्हाने काही झालं नाही. चिकन दिलं आणि दुसऱ्या रात्री खरड-खरड. म्हणजे बाबांच्या पोळीचा दोष नव्हता, पोळीला लावलेल्या चिकनच्या रश्शाचा होता. दोन वर्षं मी तिला बक्षीस म्हणून वाळवलेलं चिकन देत होते, स्वतःच्या हाताने करून. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

कोकोची आजी, टोरांटो

ऑक्टोबरात इथे थँक्सगिव्हिंगला भोपळ्याचे डबे स्वस्त मिळतात. सूनबाईने कोकोच्या बिस्किटांसाठी म्हणून दोन आणले. दिसायला सारखेच, पण एक नुसत्या भोपळ्याचा आणि एक पायच्या सारणाचा. सारणात साखर आणि जायफळ. जायफळ कुत्र्याला बाधतं, जास्त गेलं तर झटके येतात. डबा उघडल्यावर श्रीखंडासारखा वास आला म्हणून माझ्या लक्षात आलं. इथल्या मुलींनो, डब्यावर नुसता भोपळा लिहिलंय ना, ते पाहून घ्या.

सोसायटीतल्या आठ जणांची काकू, ठाणे

माझ्याकडे ओव्हन नाही. जुन्या कुकरची शिट्टी आणि रिंग काढते, तळाला दोन वाट्या वाळू, त्यावर जाळी. दहा मिनिटं तापू देते, मग ताटलीत बिस्किटं, झाकण, मंद आचेवर चाळीस मिनिटं. ज्वारीचं पीठ, किसलेलं गाजर, अंडं. आठवड्यातून एकदा उकडलेली कलेजी वाटून. एकदाच, रोज नाही, कारण कलेजीतलं व्हिटॅमिन ए शरीरात साठत जातं. तोच गोळा न भाजता मऊ ठेवला, फक्त वाफवला, की जंताची गोळी आत बेमालूम बसते. आठांपैकी सात जण गिळतात. आठवा जो आहे तो गोळा खातो आणि गोळी ठेवतो, त्याला आधी दोन बिनगोळीचे गोळे देऊन मग औषधाचा घाईघाईत द्यावा लागतो.

लंगडीबद्दल सांगायचंय. दोन वर्षं तिने कोणाला हात लावू दिला नाही. दोन वेळा पिल्लं झाली, पावसात एकही जगलं नाही. नसबंदी करायचीच होती, पण जाळी टाकून ओढत न्यायची माझी तयारी नव्हती. रोज संध्याकाळी सहाला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे आणि कलेजीचं बिस्किट दहा हातांवर ठेवायचे. मग नऊवर. बोलायचं नाही, बघायचं नाही. तीन महिन्यांनी तिने माझ्या तळव्यातून उचललं, ओठ लागू न देता, फक्त दातांच्या टोकाने. त्यानंतर पिंजरा आणून उघडा ठेवला, त्यातच खाऊ. अकराव्या दिवशी ती आत गेली आणि मी दार लावलं. तिने मागे वळून पाहिलं, ते मला झेपलं नाही.

नसबंदी आणि तिची कानाला खूण होऊन ती पाचव्या दिवशी परत आली. सहाला मी पायरीवर. ती गेटपाशी. पुन्हा दहा हातांपासून सुरुवात. या वेळी मात्र तीन महिने लागले नाहीत, आठच दिवस. रेबीजची लस आता ती दरवर्षी माझ्या मांडीला टेकून घेते.

दगडूचा मालक, कोल्हापूर

काकू, वाचून डोळे भरले.

आमचा दगडू तेरा वर्षांचा, खाली चारच दात उरलेत आणि मूत्रपिंडं अर्धी गेलीत. कडक बिस्किटं बंद, चिकन-कलेजीचा खाऊ बंद, फॉस्फरस वाढतो म्हणून. काही दिवस त्याला काहीच देता येत नव्हतं आणि तो सवयीने कपाटापाशी जाऊन बसायचा. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, अंड्याचा नुसता पांढरा भाग चालेल, त्यात फॉस्फरस कमी. बायकोने दोन अंड्यांचा पांढरा, तीन चमचे तांदळाची पिठी आणि थोडा किसलेला सफरचंदाचा गर (बिया काढून) एकत्र फेटलं आणि मिनी इडलीच्या पात्रात वाफवलं. बारा मिनिटं. पांढऱ्या, डळमळीत, रुपयाएवढ्या इडल्या. जिभेनेच दाबून खातो.

सुरुवातीला दिवसाला पाच खायचा. गेल्या आठवड्यात एकावर आला होता. आज सकाळी अडीच खाल्ल्या, आणि उरलेल्या अर्धीसाठी संध्याकाळी स्वतःहून कपाटापाशी जाऊन बसला.