शब्दचर्चा : 'एकवीरा प्रसाद' निघाला की निघाली?

प्रश्न : मामांच्या नव्या मासेमारी बोटीचं नाव 'एकवीरा प्रसाद' ठरलंय. पूजेच्या पत्रिकेचा मजकूर मी लिहितोय. 'एकवीरा प्रसाद' दर्यात निघाला लिहू की निघाली? प्रसाद तर पुल्लिंगी. शिवाय रंगाऱ्याने नमुन्यात 'एकविरा' लिहून आणलंय.

उत्तर : निघाली. इथे नावाचं लिंग बघायचं नाही, मनात जो सामान्य शब्द असतो त्याचं बघायचं. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या दुर्घटनेबद्दल बोलताना रामदास 'बुडाला' कोणीच म्हणत नाही, कारण मनात 'बोट' असते. २०२२ मध्ये 'विक्रांत'सुद्धा नौदलात दाखल 'झाली'. मामांचा मचवा असता तर 'निघाला', गलबत असतं तर 'निघालं'.

रंगाऱ्याला मात्र आजच थांबवा. वीर हा शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, त्यामुळे 'एकवीरा'त वी दीर्घच. कार्ल्याच्या आईचं नाव आहे, ते नीटच लिहिलं गेलं पाहिजे. बोटींवर 'प्रसंन्न'ही फार दिसतं. तिथे अनुस्वाराचं काही काम नाही.

आणखी एक उत्तर : मला यात 'नाव' या शब्दाचीच गंमत वाटते. नौ वरून आलेली ती नाव, नामन् वरून आलेलं ते नाव. ग्रामचं गांव झालं तसं नामचं नांव झालं, 'म'ची आठवण म्हणून डोक्यावर अनुस्वार राहिला. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही शब्द कागदावर सारखे झाले. कोकणीत 'नांव' अजून अनुनासिकच आहे. मराठीत विभक्ती लागली की फरक लगेच कळतो : नावेत माणसं बसतात, नावात अक्षरं. 'नावेचं नाव' म्हणताना म्हणूनच कुणी अडखळत नाही.

नाखवा हा शब्दही याच घरातला. फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. फारसीतला 'नाव' आणि आपली 'नाव' सख्ख्या बहिणी.

पत्रिकेत 'निघाली' छापाच. बोटीवर लिहून घेताना वीची वेलांटी जाड आणि ठसठशीत काढायला सांगा. धक्क्यावरून बघितलं की बारीक वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, काही कळत नाही.