खारघर: हॉस्टेल मेअखेर रिकामं करायचंय, सामान जुलैपर्यंत कुठे ठेवू?

जळगावची_केळी

नमस्कार. मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खारघरला हॉस्टेलवर राहते. मे संपायच्या आत खोली रिकामी करून द्यायची आहे. नवीन खोली जुलैत मिळेल, कोणती ते रेक्टर मॅडमनाही माहीत नाही. मामा कळव्याला राहतात, पण वन रूम किचन आणि माणसं पाच. मामा "आण गं" म्हणतील, मामींचं तोंड मात्र मला बघवणार नाही.

सामान असं: कापसाची गादी, टेबल फॅन, ड्रॉइंग बोर्ड, दोन खोकी पुस्तकं, इंडक्शन शेगडी, बादली-बिदली, सायकल आणि दोन वर्षांची मॉडेल्स. मॉडेल्स टाकणार नाही, पोर्टफोलिओला लागतील. महिन्याच्या भाड्याने जागा देणाऱ्या कंपन्या असतात म्हणे. ते परवडतं का? कुणी ठेवलंय का?

तुर्भे_टेंपो

ताई, एकटीच्या सामानाला छोटा हत्ती करू नका, अर्धी गाडी रिकामी जाते. तीन-चार मैत्रिणी मिळून करा. आणि ३१ तारखेला तर नकोच. त्या दिवशी सगळी हॉस्टेलं एकदम निघतात आणि भाव आम्हीच वाढवतो, खोटं कशाला बोलू. आठवडाभर आधीची दुपार धरा.

घोडबंदर_जाम

मुलासाठी कंपनीत ठेवलं होतं, म्हणून लिहितो. जाहिरातीत महिन्याचं भाडं दाखवतात, ते खरंच कमी असतं. पण घरून न्यायचे वेगळे, परत आणून द्यायचे वेगळे, पॅकिंगचे वेगळे आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. चार खोक्यांसाठी ने-आण भाड्यापेक्षा महाग पडते. फ्लॅटभर फर्निचर असेल तर हिशोब बसतो, एका मुलीच्या सामानाला नाही. तरी करणारच असशील तर किमान किती महिन्यांचे घेतात, विमा कोणत्या रकमेचा, आणि मधेच एखादी वस्तू हवी झाली तर काढून देण्याचे किती, हे लेखी घे. आम्हाला त्या मधल्या फेरीचे पैसे ऐनवेळी सांगितले होते.

कोपरखैरणे_काकू

बाळा, चोरीची काळजी करू नकोस, ओलीची कर. माझं सिडकोचं रो-हाऊस आहे, वरच्या खोल्यांत कॉलेजच्या मुली राहतात आणि दर उन्हाळ्यात त्यांचं सामान माझ्या पोटमाळ्यावर चढतं. आजवर चमचा गेलेला नाही. बुरशीने मात्र चपला, बॅगा, जर्नलं किती खाल्ली त्याला गणती नाही. आपल्याकडे पाऊस साधारण १० जूनच्या पुढेमागे येतो. म्हणजे तुझं सामान बंद जागेत पडून राहणार ते नेमकं ओलीच्या महिन्यांत. तू जळगावची, तुमच्याकडे मे महिन्यात माणूससुद्धा पापडासारखा वाळतो, तुला ही ओल हाताला लागल्याशिवाय पटायची नाही.

म्हणून गादी ठेवूच नकोस. कापूस ओल पितो आणि जुलैत तिला असा कुबट वास येतो की उन्हात घालायची म्हटलं तर ऊन नसतं. जागाही सगळ्यात जास्त तीच खाते. हॉस्टेलच्या मावशींना विचार, त्यांना नको असेल तर वॉचमनला दे. जुलैत नवी घे.

पुस्तकं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरू नकोस. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळं अंडी घालतात आणि कसर बाइंडिंगची खळ खाते. झाकणाचे प्लास्टिकचे डबे मिळतात, ते घे, पुढे हॉस्टेलात कपड्यांनाही होतात. भरण्याआधी पुस्तकं, कपडे, बॅगा, सगळं गच्चीवर कडक उन्हात घाल आणि गार झाल्यावर भर. गरम गरम बंद केलंस तर आतल्या आत घाम धरतो. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. ओला नाही, वाळलेला! एकीने झाडावरून तोडून तसाच कोंबला होता.

कुठेही ठेवलंस तरी दोन गोष्टी बघ. पहिली, भिंत. पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती पाझरतात. त्यांना टेकून काही ठेवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची. दुसरी, तळमजला नको. नवी मुंबईचा पुष्कळ भाग भरतीच्या पातळीखाली आहे. सिडकोने त्यासाठीच धारण तलाव केलेत. भरती आली की त्यांची दारं मिटतात आणि पावसाचं पाणी ओहोटीपर्यंत आत साठून राहतं. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली तर रस्त्यावरचं पाणी पहिलं तळमजल्यात येतं. गोदामवाल्यालाही हे विचार. तळमजलाच मिळाला तर डबे लाकडी फळीवर किंवा विटांवर चढव.

शेगडी पुसून ठेव, तेलाचा थेंबही झुरळांना पुरतो. घड्याळ, कॅल्क्युलेटर यांतले सेल काढ, पाझरले तर वस्तू वाया. पॉवर बँक आणि मूळ मार्कशीटं सोबत घरी ने, ती कुणाकडेही ठेवायची नाहीत, माझ्याकडेसुद्धा नाही. प्रत्येक डब्यावर नाव आणि घरचा नंबर लिही, आत काय आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढ. माझ्या माळ्यावर अजून एकीची इस्त्री आहे. तिचं लग्न झालं, ती बंगळुरूला गेली. इस्त्री चांगली आहे, मीच वापरते.

फलाट_क्रमांक_५

काकूंनी बाकी सगळं सांगितलंच आहे, मी सायकलचं सांगतो. ती जळगावला घेऊन जा. तिकीट दाखवून पार्सल ऑफिसात लगेज म्हणून बुक केली की तुझ्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून येते. ठाण्याला किंवा कल्याणला गाडी फार थांबत नाही, म्हणून गाडी जिथून सुटते तिथूनच, एलटीटी (कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस) किंवा सीएसएमटीहून, चढव. वेळ हाताशी ठेवून जा, तिथे घाई चालत नाही. डब्यात स्लीपरला ४० किलो फुकट नेता येतं, त्यामुळे पुस्तकांचं एक खोकंही सोबत जाऊ शकतं. अर्थात ओढायची तयारी हवी.

जळगावची_केळी

बाप रे, काकू! गादीचं आत्ताच मावशींना विचारून आले, त्या लगेच हो म्हणाल्या. सायकल गावाला नेते, भावाला हवीच होती. राहिली मॉडेल्स. माउंटबोर्ड आणि थर्माकोलची आहेत. कसर लागू नये म्हणून डब्यात डांबरगोळ्या टाकू का?

कोपरखैरणे_काकू

थर्माकोलजवळ डांबरगोळी मुळीच नको, थर्माकोल विरघळतो. माझ्याकडच्या एका मुलीच्या इमारतीला असेच खड्डे पडले होते. नव्या बॅगांत, बुटांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या मैत्रिणींकडून गोळा कर. मॉडेल जुन्या सुती ओढणीत सैल गुंडाळ, प्लास्टिक घट्ट ताणू नकोस, आणि वर काही रचू नकोस. फोटो मात्र आत्ताच काढून घे, चारही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात. थर्माकोलचा भरवसा नाही.

माझा माळा यंदा अर्धा रिकामा आहे. दोन डबे, बोर्ड, फॅन आणि मॉडेल्स मावतील. पैसे नकोत. व्यनि (इथलाच खाजगी निरोप) कर, पत्ता देते.

जळगावची_केळी

केला व्यनि. बरोबर आणखी दोघी आहेत, एकीचा गिटार आहे. चालेल का?

कोपरखैरणे_काकू

चालेल. तारा सैल करून आण म्हणावं. आणि दुपारी येऊ नका, मी दोन ते चार झोपते. टेंपोवाल्याला शाळेच्या गल्लीतून घाल म्हणावं, पुढच्या बाजूला खणून ठेवलंय.