मदत हवी आहे: फोनचा हॉटस्पॉट की वेगळं डोंगल (सिम घालून लॅपटॉपला नेट देणारं छोटं यंत्र)?

मंडळी, राहायला पंचवटीत, पण आठवड्यातले तीन दिवस काम सिन्नरला, माळेगाव एमआयडीसीत. तिथे लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवरच चालतो. दुपारपर्यंत फोन तव्यासारखा तापतो, बॅटरी १५ टक्क्यांवर. काल ऐन मीटिंगमध्ये आईचा फोन आला आणि नेट गपकन बंद! (मेथी आणू की पालक, एवढंच विचारायचं होतं तिला.) हॉटस्पॉटऐवजी फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून नेट घेऊन बघितलं. चार्जिंग होतं, पण फोन टेबलाला बांधल्यासारखा. डोंगल म्हटलं की दुसरं सिम, दुसरं रिचार्ज. घरातलं जुनं ३जी डोंगल ४जी पकडत नाही, म्हणजे नवीनच घ्यावं लागणार. त्या भागात कुणी वापरतंय का? खिडकीत ठेवल्यावर फोनपेक्षा रेंज बरी मिळते का, तेवढं सांगा.