मदत हवी आहे: नळांवर पांढरा थर, ॲसिडने एक नळ घालवून बसलेय

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात मांद्र्याला राहतो, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. दोन वर्षांपूर्वी घरातले सगळे नळ बदलून क्रोमचे बसवले. तेव्हा चांदेलच्या प्रकल्पातून येणारं सरकारी नळाचं पाणी वापरत होतो, नळावर डाग म्हणून पडला नाही. पुढे वर दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, पाणी पुरेना, म्हणून गेल्या उन्हाळ्यात बोअर मारली. तिथून हा ताप सुरू झाला.

सिंकच्या नळाच्या तोंडाशी पांढरा, खरखरीत थर बसलाय. नखाने निघत नाही, सुरीच्या टोकाने कपच्या उडतात. जाळी अर्धी बुजलीय, त्यामुळे पाणी खाली सोडून तीन दिशांना जातं आणि त्यातली एक धार नेमकी पोटावर येते. शॉवरची निम्मी भोकं बंद. बाथरूमच्या बेसिनमध्ये मात्र नळाखाली तांबूस-तपकिरी ओघळ उमटलाय, पांढरं तिथे फारसं काही नाही.

आता माझे प्रताप. आधी तारेची घासणी फिरवली, ओरखडे पडले. मग हार्डवेअरच्या दुकानातून संडास-बाथरूमचं ॲसिड आणून न्हाणीघरातल्या नळावर ओतलं. फसफसून थर गेला खरा, पण नळ काळपट पडला आणि चार दिवसांत त्यावर हिरवे ठिपके आले. ॲसिडच्या वासाने मी खोकत बाहेर आले ते वेगळंच.

हे बघून सासूबाई म्हणाल्या, "दोन बिमलां हाड आनी घांस गो." बिमलां म्हणजे ती आंबटढाण हिरवी फळं, परसात झाड आहेच. बिमल मधोमध कापून बेसिनवर घासलं, तर तपकिरी ओघळ पाच मिनिटांत पुसला गेला, पाटीवरचा खडू पुसावा तसा. मला चेव चढला. रात्री सिंकच्या नळाला बिमलांचा चेचा लावून फडकं गुंडाळून ठेवलं. सकाळी बघते तर थर जागच्या जागी, उलट वर पिठासारखी आणखी एक पांढरी पूड! एकच फळ, एकीकडे जादू आणि दुसरीकडे हे असं का?

चवथीला महिना राहिलाय, घरात पंधरा माणसं असणार. नळ न बिघडवता हा थर कसा काढायचा, कृपया सांगा.

ओपावाला: आम्ही फोंड्याचे, आमच्याकडे ओपाचं, म्हणजे खांडेपार नदीचं पाणी. किटलीच्या तळाशीसुद्धा कधी थर धरला नाही. तुमचा दोष बोअरच्या पाण्याचाच. जमलं तर स्वयंपाकघराला जुनीच लाईन ठेवा.

पान्हा_आणि_वायसर: वीस वर्षं प्लंबिंग करतोय. नव्या नळांपैकी निम्मे नळ पाण्याने जात नाहीत, घरचे लोक घालवतात! ताई, रागवू नका. क्रोमचा मुलामा फार पातळ असतो, खाली पितळ. तुमच्या ॲसिडने तो खाल्ला, आणि हिरवे ठिपके त्या पितळेचे. तो नळ आता पुन्हा चकाकणार नाही.

बाकीच्यांसाठी साधं पांढरं व्हिनेगर घ्या. जुन्या बनियनचा तुकडा त्यात भिजवून थरावर गुंडाळा, रबर लावा, अर्ध्या तासाने सोडा. रात्रभर ठेवू नका, क्रोम फिकं पडतं. मग जुन्या टूथब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. जाड थर एका फटक्यात जाणार नाही, दोन-तीनदा करा. जाळी हाताने फिरवून काढा, पान्हा लावायचाच तर मध्ये कापड धरा, नाहीतर दातांच्या खुणा उमटतात. आतला रबरी वायसर बाजूला ठेवून बाकीची जाळी वाटीभर व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा. शॉवरला प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून पिशवीच वर बांधायची.

आणि ब्लीच किंवा ब्लीचवालं कुठलंही क्लीनर व्हिनेगर-ॲसिडबरोबर एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

चुना_आणि_कात: बिमलांचं कोडं मी सोडवतो, शाळेत रसायनशास्त्र शिकवतो म्हणून राहवत नाही.

तुमच्याकडे डाग दोन वेगळ्या जातींचे आहेत. तपकिरी ओघळ लोखंडाचा. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत लोह भरपूर, पाण्यात विरघळून येतं आणि हवा लागली की गंजाच्या रंगाने बसतं. बिमलांत ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि ते गंजाला धरून विरघळवतं. आमच्या आजीच्या पिढीला हे आम्लाचं नाव न कळताही माहीत होतं, समया बिमलांनीच लख्ख व्हायच्या.

पांढरा थर मात्र कॅल्शियम कार्बोनेटचा. ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला भेटलं की कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतं, आणि ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. सकाळी तुम्हाला दिसलेली पूड बहुतेक तीच. म्हणजे थर काढायच्या नादात तुम्ही त्यावर नवा लेप चढवलात. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल किंवा लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, इथे चालतं. लिंबूफुलाचा एक मोठा चमचा ग्लासभर कोमट पाण्यात पुरे. उकळू नका, गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि पुन्हा पांढरं खाली बसतं.

(बिमलांचा रस औषध म्हणून ग्लासभर पिणारेही लोक असतात. ऑक्झॅलिक आम्लामुळे मूत्रपिंडं निकामी झाल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा बिमल आमटीपुरतंच बरं.)

खात्री हवी असेल तर थराची एक कपची वाटीत टाकून वर व्हिनेगर घाला. बुडबुडे आले की चुनखडी.

मी (धागाकर्ती): केलं! आज बाजारातून तिसऱ्या आणल्या होत्या, सहज सुचलं म्हणून दोन वाट्या मांडल्या. एकीत नळाची कपची, दुसरीत तिसऱ्यांचं एक शिंपलं. दोन्हीवर व्हिनेगर. कपचीभोवती लगेच बारीक बुडबुड्यांची माळ लागली, शिंपल्यावर मिनिटाभराने तश्शीच. मुलगा म्हणतो, आपल्या नळाला शिंपलं उगवलंय. पण बोअर तर खोल आहे, वाळूत नाही, मग हे येतं कुठून?

चुना_आणि_कात: मुलाचं अगदी बरोबर, दोन्ही एकच पदार्थ. पूर्वी किनाऱ्यावर शिंपले भाजूनच चुना करायचे. किनारपट्टीच्या वाळूत, गाळात शिंपल्यांचा चुरा असतो. पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आम्लधर्मी होतं, त्या चुऱ्यातून मुरताना कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळवून नेतं आणि तुमच्या बोअरला पोचवतं. नळाच्या तोंडाशी थेंब सुकला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. गीझरमध्ये तापवल्यावर हे फार जोरात होतं, तेव्हा एकदा गीझरची कॉइल उघडून बघाच.

पाण्याची तपासणी करून घ्या. टीडीएस मीटर दाखवणाऱ्याच्या नादी लागू नका, तो विरघळलेलं सगळं मिळून सांगतो, त्यात कॅल्शियम किती ते कळत नाही. अहवालात 'एकूण हार्डनेस', म्हणजे पाण्याचा जडपणा, मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. सोबत लोहही मोजून घ्या. पाईपला चुंबक लावून थर थांबतो म्हणणारे येतील, त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

पान्हा_आणि_वायसर: एक राहिलं. ओटा किंवा फरशी मार्बलची असेल तर खाली जुना टॉवेल पसरा. मार्बलही शेवटी कॅल्शियम कार्बोनेटच, व्हिनेगरचा थेंब पडला की चमक जाते. ग्रॅनाइट असेल तर चिंता नाही. आणि रोज रात्री नळ कोरड्या फडक्याने पुसून ठेवायचा. थेंब सुकलाच नाही तर थर बसणार कसा?

मी (धागाकर्ती): सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

सिंकच्या नळाला बनियन-व्हिनेगरच्या तीन पट्ट्या लागल्या. पहिल्या अर्ध्या तासात काही झालं नाही असंच वाटलं, ती वरची पूडच आड येत असावी. ती ब्रशने खरवडल्यावर दुसऱ्या वेळी थर साबणासारखा मऊ झाला आणि तिसऱ्यांदा कडेची रेघ निघाली. जाळी वाटीतून काढली तर तळाशी चिमूटभर वाळूही होती. म्हणजे सगळा दोष चुन्याचा नव्हता, थोडी रेतीही बोअरबरोबर येतेय, तिच्यासाठी पंपापाशी फिल्टर लावायला सांगितलंय. धार आता सरळ पडते, पोट कोरडं. शॉवरची पिशवी दोनदा फुटली, शेवटी दुधाच्या दोन पिशव्या एकात एक घालून बांधल्या तेव्हा जमलं. गीझरवाला रविवारी येतोय.

ॲसिडने मारलेला नळ काढून परसात, मासे धुवायच्या दगडापाशी लावला. तिथे त्याच्या दिसण्याची कोणाला पर्वा नाही. न्हाणीघरात नवा घेतला आणि सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्यावर कोरडं फडकं टांगून ठेवलं.

पाण्याचा नमुना दिलाय, हार्डनेस आणि लोह दोन्ही लिहून मागितलंय. आकडे आले की इथेच टाकते. उरलेली बिमलां काल सुंगटांच्या हुमणात, म्हणजे कोलंबीच्या आमटीत गेली.