जुन्या काळापासून आजपर्यंतची कला एका दिवसात दाखवायची आहे. गोव्यातले कोणते संग्रहालय सुचवाल?

फोंडेकर: माझे वडील चित्रकला-शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. दगड, लाकूड, हस्तिदंत, रंग अशी निरनिराळी कामे त्यांना पाहायची आहेत. कदंबची सरकारी बस, तिकिटे आणि चहा धरून दोघांचे पाचशे रुपये, आणि गुडघ्यांमुळे जिने नकोत.

तिसवाडीकर: जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयाला पर्याय नाही. तळमजल्यावर वीरगळ आणि सतीशिळा आहेत, आणि वर पोर्तुगीज व्हाइसरॉयांची ती चित्रे, जी 1547 मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांनी काढवून घ्यायला सुरुवात केली. त्यांवर पुढे पुन्हापुन्हा रंग चढवला गेल्याने चेहऱ्यांपेक्षा चिलखते आणि अंगरखे निरखावेत. शुक्रवारी बंद असते.

डिचोलीची_सून: आम्ही नेमके शुक्रवारीच गेलो, कारण टॅक्सीवाल्याने उघडे असल्याची खात्री दिली होती, भाडे वाया गेले. म्हणून स्वतःची गाडी न्यावी. शेजारच्या सांता मोनिका मठातले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय मात्र पाहाच. चोचीने स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो अशी ज्याची आख्यायिका आहे, त्या पेलिकनच्या रूपातले तिथले पूजापात्र मी अजून विसरलेले नाही.

म्हापशेकर: एवढे जुने पाहून काय करणार? पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे. एका प्रदर्शनातून पंधरा हजारांना घेतलेले चित्र आमच्या दिवाणखान्यात आहे, येणारा प्रत्येक जण विचारतो.

पर्वरीकर: पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (1902–1967) यांची साडीतली मरियम आहे. ते शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले.

तिसवाडीकर: पण ते राहिले पुण्यात, त्यांना गोव्याचे कसे म्हणावे?

पर्वरीकर: जन्म सांतइस्तेव्हचा आहे, एवढे पुरे. आणि जुने गोवे शुक्रवारी बंद असते.

फोंडेकर: सर्वांचे आभार. वडिलांनी हा धागा वाचला आणि 'चित्रे वरच्या मजल्यावर' एवढे वाचूनच चष्मा काढला. शेवटी आम्ही पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या पाहिल्या. जॉर्ज कोलासो यांनी 1935 मध्ये त्यांवर पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. एक फरशी संपून दुसरी सुरू होते तिथे रेघ कशी पुढे नेली आहे, हे ते बोटाने हवेत गिरवत तासभर पाहत राहिले. संग्रहालय एकही झाले नाही. खर्च दोनशेच्या आत.

म्हापशेकर: मग विचारलेत कशाला?