गोव्यासमोरचे संयुक्त नौदल सराव फ्रिगेट या युद्धनौकेला नेमकं काय शिकवतात?

दर्यावर्दी (वास्को): भारत-फ्रान्स सराव 1993 पासून चालू आहे, 2001 पासून 'वरुण' नावानं. माझ्या मते त्यातला पाणबुडीविरोधी भाग कमी कामाचा. पाणबुडीचा चौकोन (समुद्रातला नेमून दिलेला भाग) आणि वेळ ठरलेली, टक्कर होऊ नये म्हणून खोलीही वाटून दिलेली. त्यात पाहुण्यांसमोर कुठलंही नौदल आपल्या सोनार (आवाजावरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र) आणि रडारचे युद्धकाळातले मोड उघडे करत नाही.

मांडवीकाठ: चौकोन ठरतो, पाणी ठरवता येत नाही. मार्चमध्ये अरबी समुद्राचा वरचा थर उन्हानं तापतो, खाली पाणी थंड. ध्वनी जिथं मंद चालतो तिकडे वळतो, म्हणजे खाली. जहाजाच्या तळातल्या सोनारला सकाळी जे अंतर मिळतं ते दुपारी मिळत नाही. म्हणून दिवसातून अनेकदा तापमानाची नोंद घ्यायची, जहाजामागे केबलनं ओढायचा सोनार थराखाली उतरवायचा, हेलिकॉप्टरचा डिपिंग (केबलनं पाण्यात सोडायचा) सोनार पुढे धाडायचा. एका जहाजानं आवाज सोडायचा नि दुसऱ्यानं गप्प राहून ऐकायचं, हे परक्या नौदलाबरोबर जमवणं कागदावर शिकता येत नाही.

दर्यावर्दी: ओढत्या सोनारचं मान्य. पण तो सोडला की वेग आवरावा लागतो, वळण लांबचं घ्यावं लागतं, आणि ट्रॉलरांच्या जाळ्यात केबल अडकण्याची धास्ती. गोव्यात मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै एवढीच. मार्चमध्ये दर्या ट्रॉलरांनी भरलेला, त्यांच्या इंजिनांचा गोंगाट वेगळाच. म्हणून सराव खोल पाण्यात सरकतो, आणि डिझेल पाणबुडी जिथं दबा धरेल तो उथळ पट्टा राहूनच जातो.

झुआरी: तुम्ही दोघं पाणबुडीतच अडकलात. सगळ्यात पक्का फायदा समुद्रात चालत्या जहाजानं दुसऱ्या जहाजाकडून तेल (इंधन) घेण्याचा. साधारण 12 नॉट (ताशी सुमारे 22 किमी) वेग, दोन्ही जहाजांमधे 30 ते 50 मीटर. आधी बारीक दोरी, मग अंतराच्या खुणांची दोरी आणि फोन केबल, मग पोलादी तार, तिच्यावरून नळी. दोन जहाजांमधलं पाणी वेगानं धावतं, दाब घटतो, जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. त्यात सुकाणू अडकलं तर पंप बंद, नळी मोकळी, तार सोडा, दूर व्हा. दोन देशांच्या खलाशांचा इशारा इथं चुकला तर तार तुटून माणसं जातात.

दर्यावर्दी: तेलाबद्दल वाद नाहीच. गोवा शिपयार्डात 'त्रिपुट' ही फ्रिगेट 23 जुलै 2024 ला पाण्यात उतरली, 'तवस्या' 22 मार्च 2025 ला. या जहाजांना पुढे हेच किनारे राखायचे आहेत. म्हणून पुढच्या 'वरुण'मध्ये एक अख्खी रात्र उथळ पाण्यात, ट्रॉलरांच्या गर्दीत, पाणबुडीला वाट मोकळी देऊन हवी.

मांडवीकाठ: रात्र चालेल. मात्र त्या पट्ट्यात ओढता सोनार नको, काम हेलिकॉप्टर आणि सोनोबॉयवर (पाण्यात टाकायच्या तरंगत्या सोनारवर) सोपवा.