मदत हवी आहे : युझो साएकीची चित्रं छापायची आहेत, हक्कांचं कसं?

आमच्या छोट्या दिवाळी अंकासाठी जपानी चित्रकार युझो साएकीवर लेख लिहिलाय. १८९८ मध्ये ओसाकात जन्म, १९२३ मध्ये तोक्योच्या कलाशाळेतून पदवी, १९२८ मध्ये पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात मृत्यू. उणीपुरी पाच वर्षांची कारकीर्द, म्हणून लेखाचा सगळा भार चित्रांवरच आहे.

हवीत तीन चित्रं: १९२४ चं उभं आत्मचित्र (फ्रेंच चित्रकार व्लामँकने 'अकॅडमिक!', म्हणजे साचेबद्ध, म्हणून झापल्यानंतरचं, चेहरा खरवडून टाकलेलं, माझ्या मते त्याचं सगळ्यात धाडसी काम), १९२७ चं 'गॅसचा दिवा आणि जाहिराती' आणि १९२८ चा पोस्टमन. पहिलं आणि तिसरं ओसाकाच्या नाकानोशिमा कलासंग्रहालयात, मधलं तोक्योच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात.

भारतीय कायद्याप्रमाणे मृत्यूनंतरची ६० वर्षं १९८८ अखेर संपली, म्हणजे मूळ चित्रं मुक्त आहेत. तेव्हा 'कॉपीराइट संपलाय, बिनधास्त छापा' एवढं उत्तर नको. अडचण फोटोंची आहे. नेटवरचे फोटो छपाईला लहान पडतात. जुन्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमधून स्कॅन चांगले निघालेत. एका संग्रहालयाला इंग्रजीत मेल केली, उत्तर नाही. जपानी येत नाही. अंक विकत असतो, पण फोटोंसाठी बजेट जवळपास शून्य. एकच पान रंगीत, आणि मजकूर सप्टेंबरअखेर प्रेसला जाणार.

सपाट चित्राच्या हुबेहूब फोटोवर फोटोग्राफरचा किंवा संग्रहालयाचा वेगळा हक्क भारतात धरला जातो का? आणि जपानी संग्रहालयाकडून छपाईसाठी फोटो कुणी मागवला असेल, तर अर्ज नेमका कसा केलात?